म्हणणे लेखी द्यावे

"तुला कुणी विचारलं का?"

मामीचा आवाज होता तो. कोरडा, उन्हात वाळलेल्या काटकीसारखा चटकन मोडणारा. बाई लहानपणी मामाच्या घरी वाढल्या, आणि तिथे त्यांनी तोंड उघडलं रे उघडलं की ही काटकी मोडायची. आमटीत मीठ नाही म्हटलं, काटकी. मला गाणं शिकायचंय म्हटलं, काटकी. पुढे मामी गेल्या, ते घर विकलं गेलं, बाई शिकूनसवरून प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या, केसांत चांदीच्या तारा आल्या. पण शिक्षकांच्या खोलीत कुणी कप जरा जोरात आपटला, तरी त्यांना तो आवाज आतून यायचा. म्हणून त्यांनी मनाशी पक्की गाठ मारली होती, की आपण मुलांना विचारायचं. उठता-बसता विचारायचं.

आणि विचारायच्याही.

"मुलांनो, धडा आवडला का?"

"होऽऽ बाईऽऽ!"

"कंटाळा आला का?"

"होऽऽ बाईऽऽ!"

बाईंचा जीव सुपाएवढा व्हायचा.

तिसरीचा वर्ग त्यांचा होता आणि त्या वर्गाचं सगळं गाडं गाण्यावर चालायचं. पाढे गाण्यात, दिशा गाण्यात, शरीराचे अवयव तर ठेक्यावर. तळ्याच्या पाण्याची वाफ होते, हे पुस्तकात चार रुक्ष ओळींत दिलं होतं. बाईंनी रात्रीच्या पोळ्या लाटता लाटता त्याचं केलं:

तळ्यातलं पाणी गेलं वाफेच्या पावलानं,
ढगाच्या माहेराला त्याला नेलं गं उन्हानं.

वाचनाचा तासही तसाच. पुस्तक उघडं, ओळीखाली बोट, आणि डोळे बाईंकडे. बाई पहिली ओळ चालीत म्हणायच्या, वर्ग ती उचलायचा. बोटं पुढे सरकायची. कुणाचं बोट कुठल्या ओळीवर आहे हे पाहायला लागावं, असं कधी वाटलंच नाही. आवाज कसा एका सुरात यायचा!

त्या सुरात सगळ्यात पुढे असायची मैना. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पोरगी एकदा ऐकायची आणि ते तिच्याजवळ कायमचं राहायचं, बरणीतल्या लोणच्यासारखं मुरत. कुणाच्या मुलाला पोपट म्हणा, आईबाप तोंड फिरवतील. मैना म्हणा, फुलून येतील. पक्षी दोन्ही पढवलेलेच, पण कौतुकाला कारण लागत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकू. मैनेला वाचता येत नव्हतं.

पहिलीत असताना ती तापानं अंथरुणाला खिळली होती. वर्ग 'ज्ञ'पर्यंत जाऊन परत आला, ती 'ग'पाशीच राहिली. बरी होऊन आली तेव्हा पुढची अक्षरं सगळ्यांच्या ओळखीची झाली होती आणि तिची ओळख करून द्यायला कुणी थांबलं नव्हतं. मग तिनं कानाला कामाला लावलं. फळ्यावरचं ती चित्र काढावं तसं वहीत काढायची, इतकं देखणं, की बाई वही उंच धरून दाखवायच्या: "बघा, अक्षर आहे की मोत्याचे दाणे!" चाचणीत शेजारणीची उत्तरं ती शेजारणीच्या चुकांसकट मोत्यांत गुंफायची, आणि बाई म्हणायच्या, जोडी कशी एका विचाराची आहे.

हे असंच पुढेही चाललं असतं. पण पुढे चौथी होती, आणि चौथीला गुरुजी होते. गुरुजी गात नसत. ते पुस्तक हातात द्यायचे, खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहायचे आणि म्हणायचे, "हं. वाच." तो "हं" तिसरीच्या वर्गात भिंतीपलीकडून ऐकू यायचा. ऐकला की मैनेचं ओळीवरचं बोट जागच्या जागी थांबायचं. वर्ष संपायच्या आत कुणीतरी तिला शिकवायला हवं होतं. त्यासाठी तिनं कुणालातरी सांगायला हवं होतं. पण ज्या पोरीची वही वर्गभर मिरवली जाते, तिनं ते मोती सांडायचे कसे?

अशात वरून पत्रक आलं. यापुढे मुलांनी काय शिकावं, कसं शिकावं, याबाबत मुलांचं मत विचारात घेण्यात यावं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी, चष्मा कपाळावर चढवला. "घ्या. मुलांचं मत शुक्रवारच्या आत घ्यायचंय."

बाईंना मात्र गहिवरून आलं. जन्मभर आपण जे म्हणत होतो ते आज सरकारी कागदावर छापून आलं! त्यांनी फळा स्वच्छ पुसला आणि त्यावर लिहिलं: बाग, पोहणे, चित्रे, गोष्टी, यंत्रमानव.

"बाई, पोहायला पाणी कुठंय?" दुसऱ्या बाकावरचा वकील म्हणाला. तो कुणाचंही बोलणं पुरं होऊ द्यायचा नाही, म्हणून हे नाव.

"पाण्याचं नंतर बघू रे. आधी मत दे. हं, बाग कुणाला हवी? हात वर!"

सगळे हात वर.

"पोहणं?"

सगळे हात वर. चित्रं? सगळे. गोष्टी? सगळे. यंत्रमानव? सगळे, आणि काहींचे दोन-दोन. बाई चक्रावल्या. या मुलांना शाळेत आल्या दिवसापासून एवढंच शिकवलं होतं, की हात वर करणारा तो शहाणा आणि ज्याचा हात खाली तो "का रे, झोपलास?" बाईंनी शेवटी गंमत म्हणून विचारलं, "आणि जास्तीचा गृहपाठ कुणाला हवा?"

सगळे हात वर. वकिलाचासुद्धा. त्यानं मान वळवून स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा होता.

मैनेचा हातही वर होता, पण ती वाट बघत होती. आता म्हणतील. यानंतर म्हणतील. 'वाचायला शिकणं' असं एकदा म्हणतील, मग सगळ्यांच्या हातांत आपला हात लपेल. पण ते फळ्यावर नव्हतंच. तिसरीच्या वर्गात ते कोण लिहील?

तिनं धीर केला. "बाई, अजून एक टाकता येईल?"

"अगं, विचारतेस काय! बोल की!"

सगळा वर्ग वळला. "मैना आता भारी कायतरी सांगणार बघ," वकील शेजाऱ्याला म्हणाला. तेवढ्यानं मैनेनं ओठाशी आलेलं गिळून टाकलं.

"पक्षी," ती म्हणाली. "पक्ष्यांची माहिती."

"वा गं माझी राणी!" बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'पक्षी' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मुलांनी स्वतः सुचवलेला विषय!

मोठ्या बाईंना मात्र ही एकमताची कहाणी पटली नाही. "सगळ्यांना सगळं हवंय, हे काय मत झालं? अहो, मुलं एकमेकांसमोर लाजतात. गुप्त पाहिजे. पेटी ठेवा."

शिपाईकाकांनी खडूच्या जुन्या खोक्याला वरून फट पाडली, बाजूला कडी ठोकली आणि वर पाटी लावली: 'आपले म्हणणे लेखी द्यावे.' दर शनिवारी प्रत्येकानं एक चिठ्ठी टाकायची. नाव घालायचं नाही.

पहिल्या शनिवारी मैनेनं कोऱ्या कागदाची घडी घातली, त्यावर क्षणभर हात ठेवला आणि ती फटीत सोडली. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा बहुतेकांना सुट्टी हवी होती. वकिलानं 'हात वर केला तो धरू नये' असं लिहिलं होतं.

"ही कोरी आहे," बाई म्हणाल्या. "हिचं काय करायचं?"

"करायचंय काय? ज्याला काही म्हणायचं नाही तो कोरी टाकतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "लिहा: पूर्ण समाधानी, एक."

दुसऱ्या शनिवारी मैनेनं चित्र काढलं. एक पुस्तक काढलं, आणि पुस्तकाला एक मोठं कुलूप. कुलूप चांगलं उतरलं होतं. किल्लीचं भोकसुद्धा दिसत होतं. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगावं?

बाई ते चित्र बघत राहिल्या. "काय म्हणायचं असेल हो लेकराला?"

मोठ्या बाईंनी लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "पुस्तकांचं कपाट उघडं असतं. पुस्तकं गहाळ होतात. मुलांना काळजी वाटते, बघा!"

सोमवारी शिपाईकाकांनी वाचनाच्या कपाटाला नवं पितळी कुलूप ठोकलं. प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी सांगितलं, "तुमच्यापैकी एकानं मागणी केली आणि शाळेनं ती दोन दिवसांत पूर्ण केली." टाळ्या झाल्या. मैनेनंही वाजवल्या. सगळे वाजवत होते.

मैनेची आई लाँड्रीत इस्त्री करायची. संध्याकाळी मैना तिथेच चादरींच्या ढिगाशेजारी टेकून बसायची. इस्त्रीची वाफ, साबणाचा वास, आणि भिंतीवर हारीनं टांगलेले दुसऱ्यांचे सदरे.

"आई, हा धडा वाच ना."

"तुला येतो की वाचता. माझे हात बघ कुठं आहेत."

"तुझ्या आवाजात गोड लागतो."

आई हसायची. कॉलरीवरून इस्त्री फिरवत, पुस्तकावर तिरका डोळा ठेवून वाचायची. जगात कुठल्या मुलीला आईचा आवाज इतका हवाहवासा वाटतो? ती शेजारच्या मशीनवालीला सांगायची, "दमलेली असते मी, पण पोर सोडत नाही. म्हणते, तुझ्याच तोंडून ऐकायचं."

"नशीब काढलंस बाई. आमचा तर हाक मारली तरी ओ देत नाही."

त्या दिवशी मैना मध्येच म्हणाली, "आई, एखाद्याला वाचता येत नसेल तर?"

"तर काय, त्याची आई रडत बसेल," आईनं बाही उलटी करत सहज म्हटलं. "तुझ्या वर्गात आहे की काय कुणी?"

"छे," मैना म्हणाली. "पुढचं वाच."

मग तपासणीच्या मॅडम येणार, असा निरोप आला. मुलांना मोकळेपणानं बोलता येतं का, हे त्या बघणार होत्या. लगेच मोकळेपणाची तालीम सुरू झाली.

"सगळेच हो म्हणाले तर खोटं वाटेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "थोडा विरोध हवा. विरोध कोण करणार?"

वकील उभा राहिला. "मी करतो. कशाला करू?"

"गृहपाठाला कर. पण नम्रपणे. आणि मॅडम हसल्या की बस."

मैनेकडे मुख्य काम आलं. बाईंनी तिच्यासाठी बोलणं रचलं, ठेक्यात: "आम्हां मुलांच्या ओठी जे येतं, ते आमच्या पोटातून येतं..." रोज मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बाई म्हणायच्या, मैना उचलायची. पहिल्याच दिवशी तिला पाठ झालं. बाकीच्या वर्गासाठी तालीम चालू राहिली. कोरस जमेना. कुणी आधी घुसायचं, कुणी मागे रेंगाळायचं. बाई ओरडून ओरडून घसा फोडत होत्या.

मॅडम आल्या. मोठ्या भल्या होत्या. प्रवासानं थकल्या होत्या आणि तरीही मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसल्या. मैनेनं बोलणं म्हटलं. वकिलानं नम्रपणे विरोध केला, मॅडम हसल्या, तो बसला. सगळं कसं ठरल्याप्रमाणे मोकळेपणानं पार पडलं.

मग मॅडमनी वही मिटली आणि मैनेला जवळ बोलावलं. "हे झालं तुमच्या शाळेचं. आता तू सांग. तुला स्वतःला काय शिकायचंय?"

मैनेनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ते डोळे खरंच विचारत होते. शब्द घशापर्यंत आला, दाताशी आला.

मॅडमच्या पाठीमागे बाई उभ्या होत्या. पोरगी गोंधळली, ओळ विसरली, असं वाटून त्यांचा जीव खालीवर झाला. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी भुवया उंचावल्या आणि ओठ हलवून पहिली ओळ दिली: 'आम्हां मुलांच्या ओठी...'

"आम्हां मुलांच्या ओठी जे येतं," मैना म्हणाली, "ते आमच्या पोटातून येतं."

मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. वेळेवर हाक दिली म्हणून पोर तरली!

जाताना मॅडमनी आणखी एक मान शाळेच्या पदरात टाकला. सगळ्या शाळांतल्या मुलांची सभा भरणार होती आणि तिथे या शाळेचं निवेदन मैनेनं वाचायचं होतं. मोठ्या बाईंनी निवेदन स्वतः लिहिलं, अगदी भारदस्त, कंसांसकट. "पाठ नको," त्या म्हणाल्या. "मोठी सभा आहे, एक शब्द इकडचा तिकडे व्हायला नको. कागद हातात धरून वाचायचं. वाचनाला काय, तिचं वाचन तर झऱ्यासारखं आहे."

आणि नेमका त्याच सुमारास बाईंचा आवाज गेला.

घसा आधी बसला, मग पूर्ण मिटला. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही म्हणून बजावलं. "कुजबुज तर मुळीच नाही. ती जास्त वाईट." बाई रजा घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या वर्गावर आल्या आणि फळ्यावर लिहून शिकवू लागल्या.

वर्गाला ही मजाच वाटली. फळ्यावर काही उमटलं की पोरं वाचायची आणि खिदळायची. मैना दुसऱ्यांकडे बघायची. सगळ्यांनी वह्या काढल्या की ती काढायची. सगळे हसले की मागोमाग हसायची. पण फळ्यावरचं कशानं हसण्यासारखं होतं, ते तिला कळायचं नाही. वर्गातला सूर गेला आणि तिच्या पायाखालची वाटच गेली. भिंतीपलीकडून गुरुजींचा "हं" मात्र तसाच यायचा, आता जास्तच स्पष्ट.

सभेच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं. वर्ग रिकामा झाला. बाहेर शिपाईकाका नळ सोडून फडकी पिळत होते. बाईंनी निवेदनाचा कागद तिच्या हातात दिला, दुसरी प्रत स्वतःपुढे ठेवली आणि मान हलवली. म्हण.

मैना थांबली. पहिली ओळ बाई द्यायच्या. नेहमीच द्यायच्या.

बाईंनी कागदाकडे बोट दाखवलं आणि हसल्या.

मैनेनं कागदाकडे पाहिलं. मुंग्यांची रांग निघाली होती, कुठे चालली होती कोण जाणे. तिनं पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मंजुळ आवाजात सुरू केलं, "आदरणीय पाहुणे आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो, आज मला खूप आनंद होत आहे, की आपण सगळे इथे जमलो आहोत..." बोट ओळीवरून झुळझुळ सरकत होतं. जिथे थांबावं असं वाटलं तिथे थांबत होतं.

बाईंनी आपली प्रत पाहिली. त्यांच्या प्रतीत पहिलं वाक्य होतं: 'आमच्या शाळेत आम्ही आम्हांला जे वाटते ते मोकळेपणाने सांगतो.' पाहुणे नव्हते, आनंदही नव्हता. चुकीचं पान दिलं वाटतं, असं वाटून त्यांनी मैनेच्या हातातला कागद घेतला, आपला तिला दिला आणि पुन्हा मान हलवली.

"आदरणीय पाहुणे आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो," मैनेनं वाचलं, "आज मला खूप..."

बाईंनी हातातल्या कागदावर नजर टाकली. तिथेही 'आमच्या शाळेत आम्ही' हेच वाक्य होतं. त्यांनी मैनेच्या बोटाकडे पाहिलं. ते दुसऱ्या परिच्छेदावर होतं.

बाईंचं तोंड उघडलं. सवयच ती, ओळ पुढे करायची, पोराला सावरून घ्यायचं. घशातून नुसती हवा बाहेर आली, फुटक्या पाव्यातून यावी तशी. त्यांनी तोंड मिटलं.

त्या खुर्चीवरून उठल्या आणि मैनेच्या शेजारी मुलांच्या बुटक्या बाकावर येऊन बसल्या. हसल्या नाहीत. बोट दाखवलं नाही. भुवया उंचावल्या नाहीत. नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बाहेर नळ बंद झाला. शिपाईकाका दाराशी आले, आत डोकावले, काय समजले कोण जाणे, पाय न वाजवता परत गेले.

मैना आधी कागदाच्या कोपऱ्याची गुंडाळी करत राहिली. मग ती पुन्हा सरळ केली. एकदा दाराकडे पाहिलं. बाई काहीतरी खूण करतील, म्हणून वाट पाहिली. वर्गात इतकी शांतता तिनं आजवर ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत दुसऱ्या कुणाचीच ओळ उचलायला नव्हती.

तिनं कागद बाकावर उपडा ठेवला.

"बाई," ती म्हणाली, चालीशिवाय, "मला वाचता येत नाही. पहिलीपासूनच येत नाही. बाग नको, पक्षी नकोत. मला तेवढं शिकवा."